जीर्णोद्धाराची नोंदवही

जुन्या मोटारीच्या जीर्णोद्धारास हात घालणाऱ्या मनुष्यापुढे पहिली अडचण पैशाची उभी राहते अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती खोटीही नाही. परंतु काम थोडे पुढे सरकून सुटे केलेले भाग पडवीत, माडीवर आणि पलंगाखाली पसरले, आणि अमुक सांधा कारखान्यातून आलेला की मागाहून कोणा मिस्त्र्याने जुळवलेला याचा निवाडा करण्याची वेळ आली, म्हणजे ध्यानात येते की पैशाहून दुर्मीळ वस्तू माहिती ही आहे. मोठ्या सायासाने हाती आलेली ही माहिती स्वतःपाशी ठेवावी, की काम अर्धवट असतानाच समानशील मंडळींच्या हवाली करावी, हा प्रश्न त्याच्याही पुढचा. नाशिकला गंगापूर रस्त्यावरील एका जुन्या बंगल्यामागच्या शेडमध्ये या प्रश्नावर माझ्या दोन वडीलधाऱ्या स्नेह्यांत जो वाद सबंध पावसाळाभर चालला, त्याची कैफियत येथे मांडावयाची आहे.

एक पक्ष वकीलसाहेबांचा. जमिनीच्या दाव्यांत त्यांची हयात गेली. सातबाराचे उतारे, मोजणीचे नकाशे, वहिवाटीचे पुरावे यांच्या सहवासात राहून लेखी नोंदीवाचून कोणत्याही गोष्टीला अस्तित्वच नाही अशी त्यांची वृत्ती बनलेली आहे. दुसरा पक्ष अण्णांचा. नाशिक हे यात्रेकरूंचे आणि द्राक्षांचे गाव म्हणून बाहेर ओळखले जाते. पण ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना आला, सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि शतांश मिलिमीटरच्या भाषेत विचार करणारी एक सबंध पिढी या गावात नांदू लागली. अण्णा त्या पिढीतले. सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून फोरमन म्हणून ते निवृत्त झाले, आणि हाताला जे कळते ते कागदाला कळत नाही ही त्यांची श्रद्धा आहे. वकीलसाहेबांची गाडी आणि अण्णांचा हात असा या कामाचा योग जुळून आला होता.

गाडी एम.जी. कंपनीची, टी.सी. जातीची. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस या पेढीत सेसिल किंबर यांच्या कल्पकतेतून जन्मास आलेल्या या नावाचा कारखाना पुढे ॲबिंग्डन येथे स्थिरावला, आणि दुसरे महायुद्ध संपताच, १९४५ च्या उत्तरार्धात, तेथून जी स्पोर्ट्‌स कार बाहेर पडू लागली ती ही. १९४९ पर्यंत अशा १०,००१ गाड्या तयार झाल्या. त्यांचे अनुक्रमांक एकापासून न धरता २५१ पासून धरले होते, कारण कारखान्याच्या टेलिफोनचा क्रमांक २५१ होता. ही हकीकत सांगताना वकीलसाहेबांचा चेहरा असा काही प्रफुल्लित होतो की दप्तर सांभाळणारा कोणी सहृदय कारकून त्यांना सातासमुद्रांपलीकडे भेटला असावा. चार सिलिंडरांचे १,२५० घन सेंटिमीटरचे इंजिन, सुमारे ५४ अश्वशक्ती, दोन एस.यू. कार्ब्युरेटर, पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, तारांच्या आऱ्यांची एकोणीस इंची उंच चाके, आणि बिजागरीवर पुढे पालथी पडणारी काच. चालकाच्या नजरेसमोर वेग दाखवणारी तबकडी नसून इंजिनाचे फेरे दाखवणारी आहे. वेगाची तबकडी शेजारी बसणाराच्या पुढे आहे. मला या रचनेत चालकाविषयीचा मोठा आदर दिसतो. गाडी किती धावते याची चिंता पाहुण्याने करावी, ती कशी धावते याकडे चालकाने लक्ष द्यावे, असा त्या कारागिरांचा अभिप्राय असला पाहिजे. आज एम.जी.चा हाच अष्टकोनी शिक्का गुजरातेतील हालोल येथे तयार होणाऱ्या गाड्यांवर दिसतो, कारण ते नाव आता एका चिनी कंपनीच्या मालकीचे आहे. ॲबिंग्डनचा कारखाना तर १९८० सालीच बंद पडला. म्हणजे या गाडीविषयी विचारपूस करावयाची ती कारखान्याकडे नव्हे, तर जगभर विखुरलेल्या तिच्या मालकांकडे.

इगतपुरीकडील एका गोठ्यात ही गाडी वर्षानुवर्षे उभी होती. तेथील पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला तिची अवस्था वर्णन करून सांगण्याचे प्रयोजन नाही. टी.सी.चा खालचा सांगाडा पोलादाचा असला तरी वरचे अंग लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून बनवलेले असते, आणि ती चौकट ॲश नावाच्या विलायती लाकडाची. हे लाकूड लवचीक, धक्का सोसणारे, म्हणूनच विलायतेत हातोड्यांचे दांडे त्याचे करतात. पण ओल आणि वाळवी यांच्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. दारांचे खांब हाताने चुरता येत होते.

वादाला तोंड फुटले ते याच ठिकाणी. कुजलेल्या चौकटीचा प्रत्येक तुकडा वकीलसाहेबांनी कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा आखली, मापे लिहिली, खिळ्यांची भोके टिंबांनी दाखवली, आणि या आकृत्यांच्या नकला पुणे, कोल्हापूर, मुंबई येथील त्याच जातीच्या गाड्या बाळगणाऱ्या मंडळींकडे टपालाने रवाना करण्याची तजवीज केली.

अण्णांनी हरकत घेतली. ते म्हणाले, “वकीलसाहेब, काम पुरे होऊ द्या. अर्ध्या कामाची वार्ता बाहेर गेली की शाबासकीही अर्ध्यातच येते, आणि एकदा शाबासकी आली की कारागिराचे लक्ष कामावरून उठून पाहणाऱ्याच्या डोळ्यावर बसते. मग जे दिसते ते आधी चकाकते, आणि जे दिसत नाही ते राहून जाते. पुढच्या काचेची चौकट आरशासारखी घासलेली आणि ब्रेकचे सिलिंडर मात्र गंजलेले, अशा गाड्या मी पाहिल्या आहेत.”

“आपण म्हणता तो दोष दाखवण्याच्या हव्यासाचा आहे, दाखवण्याचा नव्हे,” वकीलसाहेबांनी उत्तर दिले. “मी कोणाला फोटो पाठवून वाहवा मागत नाही. मी माप पाठवतो आहे. या खांबाची वरची कुशी एक इंच आणि तीन अष्टमांश आहे की निम्मी वाळवीने खाल्ली म्हणून तेवढी उरली आहे, हे मी एकटा सांगू शकत नाही. कोल्हापूरच्या गृहस्थांच्या गाडीत तोच खांब शाबूत आहे. त्यांनी आपले माप कळवले, म्हणजे दोन साक्षी झाल्या. पुण्याहून तिसरी आली की निकाल देता येईल.”

“आणि तिन्ही मापे निराळी आली तर?”

“येतीलच,” वकीलसाहेब म्हणाले.

येथे अण्णांनी जो मुद्दा मांडला तो मला फार महत्त्वाचा वाटला, कारण यंत्रांच्या जगात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या तोंडून तो अनपेक्षित होता. ही अंगे सुतारांनी हाताने जुळवलेली आहेत; दोन गाड्यांची दारे एकमेकींना बसतील असे नाही; सुताराने तासून तासून दार आपल्या जागी बसवले आणि ते त्याच गाडीचे झाले. मग एका गाडीचे माप कागदावर छापून वाटणे म्हणजे दुसऱ्या गाडीवर अन्याय करणे होय. कोणी भाबडा मनुष्य तो कागद प्रमाण मानील, त्याबरहुकूम लाकूड कापील, आणि आपल्या गाडीचे मूळ अंगच त्या मापात कोंबील. “टूलरूममध्ये आम्ही ड्रॉइंग देत असू,” अण्णा म्हणाले, “पण त्यावर सैलपणा किती चालेल तेही लिहिलेले असे. तुमच्या आकृतीवर ते कुठे आहे? नुसता आकडा लिहिणारा मनुष्य सगळ्यांत जास्त फसवतो.”

वकीलसाहेबांनी ही सूचना तत्क्षणी मान्य केली आणि प्रत्येक मापापुढे ‘मूळ’, ‘झिजलेले’ आणि ‘अंदाजाने’ असे तीन शेरे लिहिण्याचा प्रघात सुरू केला. वाद मात्र तेवढ्याने मिटला नाही, कारण त्याचे मूळ मापांत नव्हते.

ते अधिक स्पष्टपणे इंजिनाच्या वेळी दिसले. ज्यांना या इंजिनाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा तपशील देणे प्राप्त आहे. इंजिनाच्या बोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची आहेत, म्हणजे इंग्लंडातील कोणत्याही गॅरेजमधला पाना त्यांना लागू पडावा. परंतु त्याच बोल्टांचे आटे मात्र मेट्रिक आहेत. या विचित्र संकराचे कारण असे की, कव्हेंट्री येथील ज्या कारखान्यात मॉरिसची इंजिने होत तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच पेढीचा. १९२३ साली मॉरिसने तो विकत घेतला तेव्हा तेथील आटे पाडणारी सर्व यंत्रे फ्रेंच मापाची होती, आणि ती मोडीत काढण्यापेक्षा आटे तसेच ठेवून डोकी तेवढी इंग्रजी करणे सोयीचे ठरले. त्यातही गुंतागुंत अशी की, बाजारात मिळणाऱ्या आठ मिलिमीटरच्या साध्या बोल्टाच्या आट्यांत सव्वा मिलिमीटरचे अंतर असते, तर या इंजिनात ते एक मिलिमीटरचे आहे. बाजारचा बोल्ट पहिले दोन फेरे जातो, मग अडतो. आणि जोर करणाराने जोर केला तर बिडाच्या ठोकळ्यातले आटे जातात.

हे ज्ञान वकीलसाहेबांना मुंबईच्या एका वयोवृद्ध गृहस्थांच्या पत्रातून मिळाले होते. त्या पत्राचा हवाला देऊन ते म्हणाले, “अण्णा, हा मनुष्य मला ओळखत नाही. त्याच्या पत्राने माझे इंजिन वाचले. त्याने हे गुपित म्हणून जपले असते तर? आपल्याकडे किती विद्या अशा गेल्या याचा हिशेब कोणी केला आहे काय? उस्तादाने शेवटचा डाव शागिर्दाला शिकवला नाही, वैद्याने काढ्यातले एक मूळ सांगितले नाही, आणि दोघेही आपापली विद्या घेऊन गोदाकाठी अमरधामात गेले.”

“पत्रातून तुम्हाला आट्यांचे अंतर कळले,” अण्णा शांतपणे म्हणाले. “आठ गुणिले एक. ते कागदावर मावते. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या बिडात नवा बोल्ट उतरवताना तो कुठे थांबवायचा, हाताला कोणता कंप आला की एक फेरा मागे घ्यायचा, हे त्या पत्रात होते का? मी ते लिहून देऊ शकत नाही. मला येते, पण लिहिता येत नाही. लिहिले तर खोटे होईल. वाचणाऱ्याला वाटेल आपल्याला समजले, आणि तो न समजलेल्यापेक्षा जास्त नुकसान करील.”

या उत्तराने शेडमध्ये काही काळ स्तब्धता पसरली. माझे स्वतःचे मत असे की अण्णांच्या म्हणण्यातील पूर्वार्ध निर्विवाद सत्य आहे आणि उत्तरार्ध तितकाच चुकीचा. हाताची विद्या शब्दांत उतरत नाही हे खरे. परंतु ती कोणापाशी आहे, कोठे जाऊन शिकता येईल, आणि पुस्तकाने जेथे हात टेकले त्या जागा कोणत्या, एवढे तरी शब्दांत निश्चित उतरते. आणि तेवढी वार्ता पोहोचली नाही म्हणून शिकण्याची इच्छा असलेला मनुष्य आणि शिकवण्यास समर्थ असलेला मनुष्य एकाच शहरात राहून एकमेकांस कधी भेटत नाहीत. नाशिकच्या तांबट आळीत पितळेला डाख देणारे हात आहेत हे वकीलसाहेबांना त्यांच्या वर्तुळातील एका सद्गृहस्थाने पुण्याहून कळवले, ही वस्तुस्थिती आहे. स्वतः वकीलसाहेब त्या आळीपासून हाकेच्या अंतरावर लहानाचे मोठे झालेले असूनही.

रेडिएटरचे प्रकरण ते हेच. टी.सी.चे रेडिएटर म्हणजे चकचकीत कवचाच्या आत दडलेली पितळेची जाळी. ती ठिकठिकाणी गळत होती. नवी विलायतेहून मागवावी असा एक सल्ला होता. तांबट आळीतील कारागिराने ती पाण्यात बुडवून, फुंकून, प्रत्येक बुडबुड्याची जागा खडूने टिपली, आणि परातीची फूट सांधावी त्या सराईतपणे डाख देऊन ती शाबूत करून दिली. वकीलसाहेबांनी त्या रात्री जी नोंद लिहिली तीत डाखाचे मिश्रण, उष्णता किती दिली, तपासणी कशी केली, सर्व तपशील होता. अण्णांनी ती नोंद उभ्याने वाचली आणि वही मिटून ठेवली.

“यात त्याचे नाव नाही,” ते म्हणाले.

“कोणाचे?”

“ज्याने डाख दिला त्याचे. तुम्ही लिहिले आहे, ‘रेडिएटरची दुरुस्ती केली.’ कोणी केली? वाचणारा समजेल, वकीलसाहेबांनी केली. तुमची प्रगती मंडळींना कळते, तुम्हाला मान मिळतो, आणि ज्याच्या बोटांना चटके बसले तो तुमच्या वहीत नाही. वकीलसाहेब, माझा विरोध कशाला आहे ते आता सांगतो. माहिती देण्याला नाही. मालकाच्या नावावर कारागिराची विद्या चढते, तिला आहे.”

मला वाटते, या वादातील सर्वांत बळकट वाक्य हे होते. जुन्या मोटारींच्या छंदात मालकाचे नाव, गाडीचे नाव, मूळ संस्थानिक खरेदीदाराचे नाव, ही सर्व अभिमानाने सांगितली जातात. मुंबईच्या फोर्टमधून निघणाऱ्या संचलनात गाडीपुढे पाटी असते ती मालकाची. पत्रा सरळ करणारा, गाद्या शिवणारा, चाकाच्या तारा एकेक ताणून चाक वर्तुळात आणणारा, ही मंडळी त्या पाटीवर कोठेच नसतात. ही कृतघ्नता हेतुपुरस्सर नसेल, पण तिचे परिणाम हेतुपुरस्सर कृतघ्नतेहून निराळे नाहीत: त्या कारागिराचा मुलगा आपला बाप काय करीत असे हे अभिमानाने सांगू शकत नाही, आणि दुसरा धंदा धरतो.

वकीलसाहेब निष्णात वादपटू असले तरी खोटी पैरवी करणारे नव्हेत. त्यांनी वहीत एक नवा रकाना आखला आणि त्याच्या माथ्यावर लिहिले, ‘हात’. मागील सर्व नोंदींत जाऊन सुतार, लोहार, तांबट, कापडी छत शिवणारा, प्रत्येकाचे नाव व ठावठिकाणा त्यांनी भरला, अर्थात त्या त्या मनुष्याची संमती विचारून.

लाकडाचा प्रश्न मात्र अजून बाकी होता, आणि तेथे दोघांच्या भूमिका उलट्या झाल्या. वकीलसाहेबांना ॲशच हवे होते. अण्णांनी जुन्या नाशकातील एका पाडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळया पाहून ठेवल्या होत्या. वर्षानुवर्षे छपराखाली वाळून निबर झालेले ते लाकूड आता हलणार नाही, पिळवटणार नाही, आणि अंगच्या तेलामुळे त्याला वाळवी शिवणार नाही. फक्त त्याच तेलामुळे सरस नीट धरत नाही, म्हणून कुसवांवर आणि स्क्रूंवर अधिक भिस्त ठेवावी लागेल, असा त्यांचा अहवाल होता. अखेर इगतपुरीचा गोठा आठवून वकीलसाहेबांनी सागाला मान्यता दिली. पण लगेच ते म्हणाले, “मात्र वहीत साग असे स्वच्छ लिहीन आणि सर्वांना कळवीन.”

“ते कशाला?” अण्णा चकित झाले. “वरून पत्रा येणार, रंग येणार. आतले लाकूड कोण पाहतो? आणि तुम्हीच तर मला सरकारची अधिसूचना वाचून दाखवली होती.”

ती अधिसूचना जुलै २०२१ ची. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्रपणे नोंदवण्याची व्यवस्था केंद्र शासनाने तीत केली आहे, क्रमांकात व्ही.ए. ही अक्षरे, नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नंतर पाच हजारांत नूतनीकरण. वाहन रोजच्या वा धंद्याच्या वापरात आणावयाचे नाही, प्रदर्शन, संचलन, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतेच रस्त्यावर काढावयाचे. ज्यांची नोंद आधीची आहे त्यांना जुना क्रमांक राखता येतो. परंतु मुख्य अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे, आणि त्याचा सांगाडा, अंग वा इंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसावा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ संबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निर्मात्याच्या मूळ विनिर्देशाबाहेर जाणारा फेरफार अमान्य ठरवला आहे. अण्णांचा मुद्दा असा की, चौकट बदलल्याची वार्ता स्वहस्ताक्षरात गावोगाव पाठवणे म्हणजे आपल्याविरुद्ध आपणच पुरावा तयार करणे होय. आणि संचलनातले परीक्षक गुण कापतील ते निराळेच.

यावर वकीलसाहेब जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत देतो, कारण त्यांच्या सबंध भूमिकेचे सार त्यात आहे.

“अण्णा, तलाठ्याच्या दप्तरात जमिनीचा फेरफार होतो तेव्हा जुन्या खातेदाराचे नाव खोडीत नाहीत. त्याला कंस करतात, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. कंसातले नाव वाचता आले पाहिजे. पन्नास वर्षांनी कोणी वारस उभा राहिला तर ही जमीन कोणाकडून कोणाकडे व कशाच्या आधारे गेली याची वाट त्याला मागे मागे चालत जाता आली पाहिजे. माझ्या गाडीत ॲश होते. त्याला मी कंस केला आहे. साग आला आहे. त्याला क्रमांक दिला आहे. गाडीचा आकार इंचभरही बदललेला नाही, इंजिन तेच, सांगाड्यावरचा क्रमांक तोच; याला भरीव फेरबदल म्हणता येणार नाही असे माझे कायद्याचे वाचन आहे, आणि प्रसंग आला तर मी ते परिवहन अधिकाऱ्यापुढे मांडीन. पण माझे वाचन चुकीचे ठरले तरी मी साग लपवणार नाही. लपवलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे, ते बनावट दस्तऐवज. उद्या ही गाडी दुसऱ्याच्या हाती जाईल. तो सागाला मूळ समजून त्यावर आपले अनुमान बांधील. त्याचे माप घेऊन तिसरा आपल्या गाडीतले खरे ॲश काढून टाकील. एका असत्य नोंदीने सगळे दप्तर नासते.”

“सुंदरनारायणाच्या देवळाचे काम पाहिले का?” त्यांनी पुढे विचारले. “१७५६ चे देऊळ. पुरातत्त्व खात्याने झिजलेले दगड उतरवून नवे बसवायला घेतले. नवे दगड डोळ्यांना वेगळे दिसतात म्हणून कोणी नाक मुरडले. मला ते आवडले. काय जुने, काय नवे, हे देवळाने सांगितले पाहिजे.”

अण्णांनी या प्रतिपादनाला मान डोलावली नाही. त्यांनी एक उदाहरण पुढे केले. मद्रासला १९६१ पासून तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेरल्ड ही साधी घरगुती गाडी. पण तिच्याच आखूड केलेल्या सांगाड्यावर विलायतेत १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार निघाली. ज्यांच्यापाशी स्पिटफायर आहे त्यांना भारतात हेरल्डचे भाग उपयोगी पडतात. “ही बातमी तुमच्या मंडळींत फिरली की काय होते? भंगारवाल्याला हेरल्डचा भाव कळतो. चालती हेरल्ड सोडवली जाते, एका स्पोर्ट्‌स कारसाठी. कोणा शिक्षकाने, कोणा डॉक्टराने तीस वर्षे सांभाळलेली गाडी. तिची नोंद कोणत्या वहीत?”

वकीलसाहेबांपाशी याचे पुरते उत्तर नव्हते, आणि माझ्यापाशीही नाही. माहितीने एक वस्तू वाचते तेव्हा तिच्याच योगाने दुसरी मोडली जाते, हे प्रत्येक छंदात घडते. इतके मात्र म्हणता येईल की हेरल्डलाही तिचे चाहते आहेत, आणि तिचे स्वतंत्र मोल त्यांनी तितक्याच आग्रहाने लिहून प्रसृत केले, तर तिला सोडवणाराचा हात काही अडखळेल. मौनाने हेरल्ड वाचत नाही. गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास ‘स्टॉर्म’ नावाची उघडी, दोन आसनांची, फायबरच्या अंगाची गाडी काढली होती. रेनोचे १,१४९ घन सेंटिमीटरचे इंजिन तीत होते. आपल्या देशात निर्माण झालेल्या मोजक्या स्पोर्ट्‌स कारांपैकी ती एक. ज्यांच्यापाशी आज ती आहे त्यांनी तिच्या साच्यांची, सांध्यांची, तारांच्या जोडणीची टिपणे आताच केली नाहीत, तर तिच्या जीर्णोद्धाराची वेळ येईल तेव्हा विचारावयाचे कोणाला? ॲबिंग्डनच्या गाडीवर जगभर ग्रंथ लिहिले गेले. गोव्याच्या गाडीवर कोण लिहिणार? आपणच.

पावसाळा उतरणीला लागला तेव्हा नव्या कामाचा विषय निघाला. हल्ली पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. ते पाणी शोषून घेते, आणि जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील बुचाच्या वर्तुळांना ते मानवत नाही. वकीलसाहेबांच्या वर्तुळातील प्रत्येकाला ही चिंता सतावीत होती आणि प्रत्येकाने आपापला उपाय कळवला होता. नळ्या बदलणे सोपे. परंतु कार्ब्युरेटर उघडायचा तर काही बोल्ट गेलेले, आणि आठ गुणिले एकचे नवे बोल्ट व्हिटवर्थ डोक्यासह लेथवर कातून घेणे भाग होते. सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये शिकणारा एक मुलगा रविवारी शेडवर येत असे. त्याने विचारले, हे मी करू का.

अण्णांनी त्याला करू दिले. पोलादाची कांब कोणती घ्यावी हे सांगितले, पहिले बोल्ट बाद केले, हातात धरून आट्यांवरून नख फिरवायला लावले, आणि ठोकळ्यात बोल्ट उतरवताना त्याच्या मनगटावर आपला हात ठेवून तो कंप कोठे येतो ते दाखवले. मुलाने त्या संध्याकाळी आपल्या शब्दांत नोंद लिहिली. वकीलसाहेबांच्या भाषेपुढे ती ओबडधोबड होती, पण तीत एक वाक्य असे होते की इथून पुढे लिहिता येत नाही, ज्याला शिकायचे असेल त्याने नाशिकला यावे. अण्णांनी ते वाक्य दोनदा वाचले.

“ही पाठवा,” ते म्हणाले. “पण कसोटीच्या रकान्यात ‘अद्याप नाही’ असे लिहा. कसाऱ्याचा घाट उतरून पुन्हा चढून आल्याशिवाय बोल्टाला पास म्हणायचे नाही.”

वकीलसाहेबांनी तसे लिहिले, आणि ‘हात’ या रकान्यापाशी लेखणी थांबवून विचारले, येथे काय लिहू. अण्णा म्हणाले, सातपूरचा एक फिटर असे लिहा. वकीलसाहेबांनी मान हलवली. निनावी साक्ष दप्तरात घेता येत नाही, ज्याने विद्या दिली त्याने नावानिशी उभे राहिले पाहिजे, आणि हा रकाना आखायला तर आपणच लावला, असे त्यांनी बजावले. थोडा वेळ अण्णा लेथवरचा किस झाडीत राहिले. मग म्हणाले, “लिहा. पण त्या मुलाचे नाव आधी. लेथवर तो उभा होता.”